घोड्याला कळते, ते आपल्यालाही कळावे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषी येतात आणि आपल्याला चार मोलाच्या गोष्टी सांगून जातात. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि तो मान मला दिला. त्याला कारण आहे. गेले वर्षभर दर गुरुवारी दुपारी आम्ही आठ-दहा जणी मंडळाच्या खोलीत सतरंज्या पसरून काहीतरी करत असतो. ते नेमके काय, हे पुष्कळ जणींना कोडे पडले आहे. कोणी विचारतात, "हा योगासनांचा वर्ग का?" कोणी खिडकीतून डोकावून जातात. एका वयस्कर बाईंनी तर मला सरळच विचारले, "झोपायलाच यायचं, तर घरी गादी नाही का गं?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर देणार आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. यातले काही मी स्वतः शोधलेले नाही. माझी भाची घोडेस्वारी शिकते. तिच्याकडे या विषयाची इंग्रजी पुस्तके आहेत. सुट्टीत ती माझ्याकडे राहिली, तेव्हा रोज दुपारी ती वाचून मराठीत सांगत असे आणि मी वहीत उतरवून घेत असे. आज जे सांगते ते त्या वहीतले, आणि वर्षभर आम्ही जे करून पाहिले त्यातले आहे. तेव्हा घोड्यापासूनच सुरुवात करू.

घोडा दिसायला केवढा थोरला, पण जात्याच भित्रा. रानात तो वाघ-लांडग्यांचे भक्ष्य. त्यामुळे धोका दिसला की आधी पळायचे आणि मग विचार करायचा, अशी त्याची घडण. त्याची कातडी इतकी जागरूक की अंगावर माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरकवून तो ती उडवतो. आता अशा प्राण्याच्या पाठीवर माणूस बसला, तर त्या माणसाच्या मनातली भीती त्याला कळल्यावाचून राहील का? स्वाराने मांड्या आवळल्या, श्वास कोंडला, लगाम घट्ट धरला, की घोड्याला वाटते, माझ्या पाठीवरच्याला काहीतरी भयंकर दिसले आहे. मग तोही बिथरतो. घोडा बिथरला की स्वार आणखी आवळतो. अशी ती साखळी चालते.

ही काही ऐकीव गोष्ट नाही. स्वीडन देशातील संशोधकांनी याचा प्रयोग केला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. माणसे आणि घोडे यांच्या हृदयाचे ठोके मोजण्याची यंत्रे दोघांनाही लावली. तीस मीटरची वाट. काहींनी घोडा हाताने धरून चालवायचा, काहींनी त्यावर बसून जायचे. तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. चौथ्या फेरीपूर्वी माणसांना सांगितले की या वेळी वाटेत घोड्यासमोर एकदम छत्री उघडली जाईल. एवढे सांगितल्यावर माणसांचे ठोके वाढले, आणि त्याबरोबर घोड्यांचेही वाढले. छत्री कोणी उघडलीच नाही! घोड्याला तर छत्रीचे काही ठाऊकही नव्हते. त्याला जे कळले ते माणसाच्या अंगावरून कळले.

भगिनींनो, हे वाचून झाल्यावर मी भाचीला म्हटले, "अगं, आमच्या घरात हा प्रयोग रोज सकाळी साडेसहाला होतो." दूध उतू जाते आहे, नळ जाण्याची वेळ झाली आहे, डबा व्हायचा आहे. अशा वेळी आपण मुलाच्या केसांतून कंगवा फिरवतो तो कसा फिरवतो? तोंडाने आपण काहीच बोललेले नसतो, तरी मूल किरकिरू लागते. त्याला आपल्या हातातून कळलेले असते.

आता स्वाराला "घाबरू नकोस" असे सांगून उपयोग होतो का? मुळीच नाही. उलट तो घाबरलेला असतो आणि वर घाबरल्याबद्दल ओशाळलेलाही असतो. आपल्यालाही सगळे हेच सांगतात. "मन घट्ट कर." "मनाला लावून घेऊ नकोस." सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मन घट्ट करायला निघालेली बाई प्रत्यक्षात जबडा आणि खांदे तेवढे घट्ट करून बसते. यातून वाट काढणारी काही माणसे पश्चिमेकडे होऊन गेली. त्यांनी मनाला उपदेश करणे सोडले आणि शरीराच्या हालचालीपासून आरंभ केला.

त्यातल्या पहिल्या, अमेरिकेतील सॅली स्विफ्ट. जन्म १९१३चा. लहानपणीच त्यांच्या पाठीच्या कण्याला बाक असल्याचे ध्यानात आले. त्यांना मेबल टॉड नावाच्या शिक्षिका लाभल्या. शरीरातील हाडे एकावर एक कशी उभी आहेत याचे मनात चित्र धरायचे आणि त्या चित्राप्रमाणे शरीराला हळूहळू वळण लावायचे, अशी टॉडबाईंची रीत. सॅलीबाई मोठ्या झाल्या आणि गाईंच्या एका संस्थेत नोकरीला लागल्या. आपल्याकडे दुधासाठी जी काळी-पांढरी होल्स्टीन गाय पाळतात, त्या जातीच्या गाईंची ती संस्था. तेथून निवृत्त झाल्यावर, म्हणजे साठी उलटल्यावर, त्यांनी घोडेस्वारी शिकवण्याचे काम पूर्णपणे अंगावर घेतले. त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले १९८५ साली, तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. २००९ साली, पंच्याण्णव वर्षांचे आयुष्य भोगून त्या वारल्या. "आता या वयात काय शिकायचं?" असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे.

सॅलीबाई स्वाराला चार गोष्टी सांगत. पहिली, नजर मऊ ठेवा. एकाच ठिकाणी डोळे रोखून न बघता समोरचे, दोन्ही बाजूंचे, सारे सहज दिसू द्या. दुसरी, श्वास अडवू नका, तो खाली पोटापर्यंत जाऊ द्या. तिसरी, आपले केंद्र ओळखा. ते बेंबीच्या खाली, पोटाच्या आत, कण्याच्या पुढे आहे. घाबरलेल्या माणसाचा सगळा जीव छातीत आणि डोक्यात गोळा होतो, तो तिथे खाली उतरू द्या. चौथी, शरीराचे भाग एकावर एक नीट रचा. पाय, त्यावर कंबर, त्यावर छातीचा पिंजरा, त्यावर खांदे, आणि सर्वांत वर डोके. हे शेवटचे भाचीने वाचले तेव्हा मला आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातली उतरंड आठवली. खालचे मडके तिरके बसले तर वरची सगळी डुगडुगतात. मग आपण वरचे मडके हाताने दाबून धरतो. मान आणि खांदे दुखतात म्हणून तेलाने चोळणाऱ्या आपण पुष्कळ जणी वरचेच मडके दाबून धरत असतो.

मांड ही किती मोठी गोष्ट आहे, याचे एक उदाहरण सांगते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या स्वार बाईंना १९४४ साली, पोटुशी असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे झाले ते कायमचे. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणूस लागे. पायाने घोड्याला इशारा देणे शक्य नव्हते. कंबर, पाठ आणि शरीराचा तोल यांनी त्या घोड्याशी बोलत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या स्पर्धाप्रकारात स्त्रियांना प्रथमच भाग घेता आला, आणि लिसबाईंनी ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवले. १९५६ साली पुन्हा रौप्यपदक. जोर लावून हे झाले नाही, कारण जोर लावायला पायच नव्हते.

आता ज्यांची रीत आम्ही गुरुवारी चालवतो ते गृहस्थ. त्यांचे नाव मोशे फेल्डेनक्राइस. नाव उच्चारायला कठीण आहे, आम्ही आपसात 'मोशेबाबा' म्हणतो. जन्म १९०४, आज ज्याला युक्रेन म्हणतात त्या देशात. पोरवयात ते पॅलेस्टाईनला गेले. पुढे पॅरिसला जाऊन इंजिनियर झाले आणि मादाम क्यूरींची मुलगी व जावई यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. जपानी ज्यूडो विद्येतही ते पारंगत होते. त्यांचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावला होता, तो पुढे युद्धाच्या काळात फारच बिघडला. शस्त्रक्रियेने बरे वाटेलच याची खात्री नव्हती. तेव्हा या इंजिनियरने स्वतःच्याच चालण्या-बसण्याचे यंत्रासारखे निरीक्षण सुरू केले. कुठली हालचाल केली की दुखते, ती किंचित बदलली तर काय होते, असे बारकाईने पाहत पाहत त्यांनी आपली पद्धत बसवली. १९४९ साली या पद्धतीवरचे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांना पाठीचे दुखणे होते. मोशेबाबांकडे शिकून ते सत्तरी गाठल्यावर शीर्षासन करू लागले, आणि १९५७ साली समुद्रकिनाऱ्यावर डोक्यावर उभे असलेले त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. मोशेबाबा १९८४ साली वारले.

त्यांच्या पद्धतीत शिक्षक करून दाखवत नाही, नुसते तोंडाने सांगतो. विद्यार्थी बहुधा जमिनीवर निजलेले असतात, कारण निजल्यावर तोल सांभाळण्याचे काम शरीराला उरत नाही. हालचाल अगदी लहान, अगदी सावकाश, आणि जिथे दुखू लागेल त्याच्या कितीतरी आधी थांबायचे. दर थोड्या वेळाने विसावा. लहान हालचाल का? त्याचे कारण मला फार पटले. डोक्यावर पाण्याचे दोन हंडे असले आणि वरच्या हंड्यावर चिमणीचे पीस पडले, तर ते आपल्याला कळणार नाही. पण रिकाम्या तळहातावर पडले तर लगेच कळेल. तसेच, जोर लावून हालचाल केली तर आत काय चालले आहे ते उमगत नाही. जोर कमी केला म्हणजे आपण नकळत काय काय आवळून धरले आहे, ते कळू लागते. आणि एकदा कळले की मगच ते सोडता येते.

याच मोशेबाबांच्या सॅनफ्रान्सिस्कोमधील वर्गात १९७५ साली लिंडा टेलिंग्टन-जोन्स नावाच्या घोड्यांच्या जाणकार बाई दाखल झाल्या. माणसासाठी असलेली ही विद्या त्यांनी घोड्यासाठी वापरली. बिथरणाऱ्या घोड्याला चाबूक न दाखवता त्याच्या कातडीवर बोटांनी हलके वर्तुळ काढायचे. घड्याळातल्या सहाच्या जागेपासून निघायचे, पूर्ण फेरी करायची आणि वर आणखी पाव फेरी. मग दुसरी जागा. आपल्या शेतकऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी आपण करतोच. जू ओढून ओढून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना लोणी-हळद चोळतो, आणि बैल कसा मान खाली घालून डोळे मिटतो ते खेड्यात वाढलेल्या साऱ्या जणींनी पाहिले आहे. बैलाला वर्षातून एक दिवस तरी हे सुख मिळते. आपल्या खांद्यांची आठवण कोण ठेवतो, हे मी विचारणार नाही. आपली आपणच ठेवावी, एवढेच म्हणेन.

आता शरीरातून मन शांत होते ते कसे, हे मला समजले तेवढे सांगते. आपल्या इच्छेवाचून आतला कारभार चालवणाऱ्या ज्या मज्जा आहेत, त्यांचे दोन विभाग. एक धावपळीचा, दुसरा विसाव्याचा. धोका दिसला की पहिला विभाग हृदय जोराने चालवतो, स्नायू ताणतो, पोटाचे काम मागे टाकतो. धोका टळला की दुसऱ्याने ताबा घ्यायचा, हृदय सावकाश करायचे, अन्न पचवायचे. दोन्ही हवेत. पहिला नसता तर अंगावर येणाऱ्या मोटारीपुढून आपण उडी मारून बाजूला झालोच नसतो. अडचण अशी की पुष्कळांच्या घरात धोका टळला तरी पहिला विभाग रजेवर जात नाही. पगार होईपर्यंतचे दिवस, सासऱ्यांचे आजारपण, मुलीचा उशीर, रात्री वाजणारा मोबाईल, असे काही ना काही चालूच.

विसाव्याच्या विभागात व्हेगस नावाची एक लांबलचक मज्जा आहे. ती मेंदूच्या बुडाशी निघून गळ्यातून छातीत आणि तेथून पोटात उतरते. तिच्यातले बहुतेक तंतू हुकूम नेणारे नसून खबर आणणारे आहेत. शरीराची हकीकत ते मेंदूला कळवतात. म्हणजे मेंदू जसा शरीराला सांगतो, तसे शरीरही मेंदूला सतत सांगत असते. श्वास कोंडलेला, पोट आवळलेले, खांदे कानाला लागलेले, अशी हकीकत वर गेली तर मेंदूने काय समजावे? श्वासाचे तर आपण आत्ताच पडताळून पाहू शकतो. मनगटावर नाडी धरून बसा. श्वास आत घेताना ठोके जरासे जलद होतात आणि सोडताना सावकाश होतात. सगळ्यांनाच ते स्पष्ट लागेल असे नाही, पण पुष्कळांना लागते. म्हणून भ्यायलेल्या माणसाला "मोठा श्वास घे" म्हणण्यापेक्षा "सावकाश श्वास सोड" म्हणावे, हे बरे.

नुसते ऐकून कंटाळा येईल, तेव्हा एक लहानसा धडा बसल्या जागी करू. ज्यांना मानेच्या मणक्याचा त्रास आहे किंवा चक्कर येते त्यांनी नुसते पाहावे. खुर्चीवर जरा पुढे सरकून बसा. दोन्ही पावले जमिनीला टेकवा. आता मान अगदी सावकाश उजवीकडे वळवा, जिथवर सहज जाईल तिथवरच. समोर काय दिसते, खिडकीची चौकट की भिंतीवरची तसबीर, ती खूण मनात ठेवा आणि परत मध्ये या. आता पुन्हा मान उजवीकडे वळवा, पण डोळे मात्र डावीकडे जाऊ द्या. हसू येईल, येऊ द्या. घाई नको. असे चार-पाच वेळा करा. श्वास चालू आहे ना? आता थांबा, डोळे क्षणभर मिटा. आता पहिल्यासारखीच मान आणि डोळे दोन्ही उजवीकडे. खूण कुठे राहिली?

पुष्कळ जणींची मान खुणेच्या पुढे गेली, हे मला येथून दिसते आहे. ज्यांची गेली नाही त्यांचे काही बिघडले नाही. आपण जोर लावला का? नाही. तेल चोळले का? नाही. डोळे आणि मान यांची वर्षानुवर्षांची जी जोडी पडली होती, ती थोडा वेळ सोडवली, एवढेच. मानेत जी अडचण होती त्यातली बरीचशी हाडात नव्हती, सवयीत होती. मोशेबाबांची सारी विद्या या एका धड्यात आली.

गुरुवारी आम्ही निजून जो धडा करतो तोही सांगते. पाठीवर निजून गुडघे उभे करायचे, पावले जमिनीवर. कंबरेच्या हाडाखाली एक घड्याळ ठेवले आहे असे मनात आणायचे. बाराचा आकडा डोक्याच्या बाजूला, सहाचा माकडहाडाकडे. मग कंबर किंचित कलती करून भार बाराकडे न्यायचा, मग सहाकडे. पुढे तीनकडे, नऊकडे. शेवटी काट्यासारखे एकेका आकड्यावरून हळूहळू फिरायचे. कुठे तरी दोन आकडे गाळले जातात, तिथे परत परत जायचे, पण ढकलायचे नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पाय लांब केले की पाठ सतरंजीला कशी टेकते, ते ज्या करतात त्यांनाच विचारा.

आता कोणी म्हणेल, याने दुखणी बरी होतात का? येथे मी जपून बोलणार आहे. फेल्डेनक्राइस यांच्याच जातीची दुसरी एक पद्धत अलेक्झांडर यांची. हे टास्मानियात जन्मलेले नट, रंगमंचावर आवाज बसायचा म्हणून आरशासमोर उभे राहून स्वतःच्या मानेच्या खोडी शोधून काढणारे. त्यांच्या पद्धतीची परीक्षा इंग्लंडात जुन्या पाठदुखीच्या ५७९ रोग्यांवर झाली. ती २००८ साली छापून आली. चोवीस धडे घेतलेल्यांचे चार आठवड्यांतील दुखण्याचे दिवस वर्षाअखेर ३ वर आले होते, तर नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांचे २१ होते. हा चांगला पुरावा. पण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१५ साली १७ पद्धतींचा आढावा घेतला, त्यात फेल्डेनक्राइस यांच्या पद्धतीने अमुक रोग नक्की बरा होतो असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्या यादीत योगही होता, हे सांगायला हवे. तेव्हा कोणी पैसे घेऊन "सात दिवसांत मज्जा शांत करून देतो" म्हणू लागला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. आणि छातीत दुखले, दम लागला, हात-पाय बधिर झाले, तर सतरंजी शोधू नका, दवाखाना गाठा. रात्ररात्र झोप नाही, जगणे नको वाटते, असे झाले तरी डॉक्टरांकडेच जावे. त्यात लाज कसली?

मग या विद्येचा उपयोग काय? आपल्यातल्या एका भगिनीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. ती घरोघर जेवणाचे डबे पोचवते. दोन वर्षांपूर्वी पावसात तिची स्कूटर घसरली. हात मोडला, तो महिन्या-दीड महिन्यात जुळला. पण स्कूटरची किल्ली हातात घेतली की तिच्या हाताला कंप सुटे. डबे रिक्षाने पाठवावे लागत, आणि कमाई रिक्षातच जाई. घरचे म्हणत, "एवढं काय झालंय? हात तर बरा झाला." ती रडे आणि स्वतःलाच दोष देई.

गुरुवारच्या वर्गात ती प्रथम आली तेव्हा निजल्यावर तिचा उजवा खांदा सतरंजीला टेकतच नव्हता. तिला ते ठाऊकही नव्हते. तो खांदा अजून पडतच होता म्हणा ना. आम्ही तिला धीर देण्याचे सोडून दिले. खांद्याच्या, फासळ्यांच्या, कंबरेच्या लहान लहान हालचाली ती करत गेली. तीन महिन्यांनी ती बंद असलेल्या स्कूटरवर अंगणात नुसती बसू लागली. घोड्याच्या स्वाराला जे सांगतात तेच तिला सांगितले. दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखा भार, नजर मऊ, श्वास सोडत राहायचा, मुठी सैल. मग गल्लीच्या टोकापर्यंत. आज ती बाजारापर्यंत आणि पलीकडच्या दोन वस्त्यांपर्यंत डबे स्वतः नेते. हमरस्त्यावर अजून जात नाही, आणि पाऊस असला की रिक्षा करते. आम्ही तिला घाई करत नाही. भीती गेली असे ती म्हणत नाही. ती म्हणते, "भीती येते, पण आता ती माझ्या खांद्यात आली की मला कळतं, आणि मी खांदा सोडू शकते." मला वाटते, एवढे ज्याला साधले त्याला पुष्कळ साधले.

आता त्या वयस्कर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. झोपायलाच यायचे तर घरी गादी नाही का? गादी आहे. पण भगिनींनो, दिवसाउजेडी आपल्या घरात आडवी पडलेली बाई पाहिली की सगळे काय विचारतात? "बरं नाही का?" म्हणजे आडवे पडायला आजारी असावे लागते. पाच मिनिटे पाठ टेकली की बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, "आई, माझा मोजा कुठंय?" अशी हाक येते. आणि कोणी हाक मारली नाही तरी आपला कान दाराशीच असतो. कान दाराशी असताना खांदा जमिनीवर कसा टेकेल? म्हणून मंडळाची खोली हवी. येथे एक तास कोणी आपल्याला बोलावत नाही.

कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे की गुरुवारचा दुपारी तीन ते चार हा वेळ या वर्गासाठी कायमचा राखून ठेवावा. खर्च काही नाही. सतरंज्या आहेत. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या आहेत, कारण पुष्कळसे धडे खुर्चीवरही होतात. फी घ्यायची नाही. येताना सैल कपडे घालावेत, जेवणानंतर लगेच येऊ नये, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा दिवस असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. सासू-सुनांनी जोडीने यायलाही हरकत नाही. दोघी डोळे मिटून निजल्या म्हणजे भांडायचे कोणी!

आपल्या मंडळाने आजवर शिवणवर्ग चालवला, भिशी चालवली, अडल्यानडल्या भगिनीच्या घरी डबा पोचवला. दुसऱ्याचे ओझे उचलायला आपण कधी मागे सरलो नाही. त्या ओझ्याखालचे स्वतःचे खांदे कसे आहेत, हे पाहायला आठवड्यातून एक तास आपण काढावा. घोड्याला तीस मीटरच्या वाटेत माणसाची भीती कळते. आपल्या घरातल्या मुलांना, म्हाताऱ्यांना आपली कळत असणारच. आपण जरा सैल झालो, तर तेही त्यांना कळेल.

येत्या गुरुवारी येताना एक चादर आणावी.